उन्हाळ्यात बसवेल असा बाक: दगड, लाकूड की लोखंड?

मे महिन्यात संध्याकाळी साडेसातला ग्वाल्हेरच्या एखाद्या कॉलनीच्या बागेत गेलात, तर माणसं भरपूर आणि बाक रिकामे असं दृश्य हमखास दिसतं. सूर्य मावळून अर्धा तास होत आलेला असतो, हवेत जरा जीव आलेला असतो, पण सिमेंटच्या नाहीतर काळ्या ग्रॅनाइटच्या बाकावर टेकायला कुणी तयार नसतं. आजोबा कठड्याला रेलून उभे असतात, बायका गवतावर सतरंजी टाकून बसलेल्या असतात. बाक कुणीतरी मनापासून दिलेला असतो. त्याच्या पाठीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलंही असतं. पैसा गेला, जागा गेली, आणि ज्या दिवसांत लोकांना घराबाहेर बसायची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवसांत बाक निकामी ठरतो.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी फार खर्चही लागत नाही. फक्त दुकानदाराला ‘कुठला बाक तापत नाही?’ असं विचारून भागत नाही, कारण ग्वाल्हेरच्या उन्हात न तापणारी वस्तूच नाही. आधी स्वतःला विचारायचं की या बाकावर लोक किती वाजता बसणार आहेत आणि तोवर त्याच्यावर किती तास ऊन पडलेलं असेल. दुपारी दोनला चटका देणारा लोखंडी बाक रात्री आठला अगदी बसण्याजोगा असतो. उन्हात तापून रात्री दहापर्यंत धगधगणारा दगडी बाक दिवसभराच्या सावलीत ठेवला तर भर दुपारी सगळ्यात सुखाचा ठरतो. असं का होतं ते एकदा नीट कळलं, की निवड आपोआप सोपी होते.

तापमान एक, चटका निराळा

सकाळी स्वयंपाकघरात लाकडी पोळपाट आणि स्टीलचं ताट शेजारी-शेजारी असतात. रात्रभर एकाच खोलीत राहिल्यामुळे दोघांचं तापमान सारखंच असतं. तरी थंडीच्या दिवसांत ताटाला हात लावला की गार लागतं, पोळपाट तेवढा लागत नाही. उन्हात हेच उलट्या दिशेनं घडतं.

आपल्या त्वचेला समोरच्या वस्तूचं तापमान थेट कळत नाही. त्वचा आणि वस्तू एकमेकांना टेकतात तेव्हा दोघांच्या सीमेवर मधलं कुठलंतरी तापमान तयार होतं आणि तेवढंच आपल्याला जाणवतं. ते मधलं तापमान कुणाच्या बाजूला झुकेल हे तीन गोष्टींवर ठरतं: वस्तू आतून पृष्ठभागाकडे उष्णता किती वेगानं वाहून आणते, ती किती घन आहे, आणि एक अंश तापायला तिला किती उष्णता लागते. या तिन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की एक आकडा मिळतो. शास्त्रात त्याला थर्मल इफ्युसिव्हिटी म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, आकड्यांमधला फरक बघा. माणसाच्या त्वचेसाठी तो १२०० च्या आसपास धरला, तर सागवानाचा निघतो साधारण ४३०, प्लास्टिकचा ९००, सिमेंट काँक्रीटचा १७००, वालुकाश्माचा २०००, ग्रॅनाइटचा २४००, आणि साध्या लोखंडाचा थेट साडेतेरा हजारांच्या पुढे.

आता समजा, हे सगळे बाक उन्हात तापून ६० अंशांवर आलेत आणि आपली त्वचा ३४ अंशांवर आहे. टेकल्या क्षणी त्वचेला सागवानाचे जाणवतील सुमारे ४१ अंश, प्लास्टिकचे ४५, सिमेंटचे ४९, वालुकाश्माचे ५०, ग्रॅनाइटचे ५१ आणि लोखंडाचे ५८. सगळ्यांचं तापमान ६० च होतं. लाकडावर आपण ‘गरम आहे’ म्हणत बसून राहतो, लोखंडावरून उडी मारून उठतो.

हा फरक केवळ सोयीचा नाही. त्वचा ४४ अंशांवर बराच वेळ राहिली तर तिला इजा व्हायला लागते. गरम पृष्ठभागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १० मिनिटांच्या स्पर्शासाठी ४८ अंश आणि १ मिनिटाच्या स्पर्शासाठी ५१ अंश ही भाजण्याची मर्यादा धरली आहे. धडधाकट माणूस चटका बसताच उठतो, म्हणून वाचतो. पण मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची आणि मांड्यांची जाणीव कमी झाली आहे त्यांना चटका कळतच नाही. वय झालेल्यांना पटकन उठता येत नाही. तान्ह्या आणि रांगत्या मुलांची त्वचा मुळात पातळ असते. बागेतला बाक वापरणाऱ्यांत याच लोकांची संख्या जास्त असते, म्हणून ‘लोकांना सवय आहे’ असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

तापतो किती, ते रंगावर

मे महिन्यात दुपारी बाराच्या सुमारास आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची सुमारे ९०० ते १००० वॉट ऊर्जा पडत असते. त्यातली किती परतवायची हे मुख्यतः रंग ठरवतो. ताजा पांढरा रंग ७० ते ८० टक्के ऊन परतवतो. नवं, फिकट काँक्रीट ३५ ते ४० टक्के, तर जुनं, काळवंडलेलं काँक्रीट २० ते २५ टक्के परतवतं. काळ्या ग्रॅनाइटकडून जेमतेम १० टक्के परत जातात, उरलेलं सगळं तो पिऊन टाकतो. चकचकीत पॉलिश केलेला असल्यामुळे तो थंड वाटेल असं अनेकांना वाटतं. पॉलिशमुळे डोळ्यांवर चमक येते एवढंच. आत जाणारी उष्णता त्यानं फारशी थांबत नाही. ओट्याचे उरलेले काळे तुकडे स्वस्तात मिळतात म्हणून आजकाल अंगणातल्या आणि सोसायटीतल्या बाकांना तेच लावले जातात. उघड्या उन्हासाठी याहून वाईट निवड क्वचितच असेल.

इथे धातूची एक खोड सांगायला हवी. तापलेली कुठलीही वस्तू उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानं बाहेर टाकत राहते आणि त्यातून गार होते. दगड, लाकूड, सिमेंट, रंग दिलेला पृष्ठभाग, हे सगळे या कामात तरबेज असतात. उघडा, चकाकता धातू मात्र फारच थोडी उष्णता अशी बाहेर टाकतो. त्यामुळे चमकदार स्टीलनं बरंचसं ऊन परतवलं, तरी जेवढं आत शिरलं तेवढं त्याला सहजी बाहेर काढता येत नाही. म्हणून उन्हात उघड्या स्टीलपेक्षा पांढरा किंवा क्रीम रंग दिलेलं लोखंड बरं. स्पर्शाचा चटका राहतोच, पण मूळ तापमान बरंच खाली येतं.

पांढरा रंग सर्वांत चांगला म्हणून सगळंच पांढरंफेक करायची घाईही नको. भर उन्हात पांढऱ्या पृष्ठभागाची तिरीप डोळ्यांना खुपते, मोतीबिंदू झालेल्यांना तर फारच. बसायच्या जागेला चुना लावला तर तो कपड्यांना लागतो. क्रीम, फिकट राखाडी, फिकट बदामी रंग पुरेसं काम करतात. आणि धूळ पुसत राहावी लागते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम कोरडा वारा, आपल्याकडे येताना राजस्थानची धूळ घेऊन येतो आणि मे अखेरपर्यंत पांढरा बाकही मातकट होऊन जातो.

संध्याकाळचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे. ग्वाल्हेरमध्ये उन्हाळ्यात बाहेर बसायची वेळ दुपार नसते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. लोक बाहेर पडतात ते सूर्य मावळल्यावर, म्हणजे सातनंतर. म्हणून बाक दुपारी दोनला किती तापतो यापेक्षा तो रात्री आठला किती तापलेला असतो हे जास्त महत्त्वाचं, आणि तिथे रंगापेक्षा जाडी आणि वजन निर्णायक ठरतं.

१ चौरस मीटर आणि १० सेंटिमीटर जाड अशी वालुकाश्माची पाटी घेतली तर तिचं वजन भरतं सुमारे २३० किलो. ती एका अंशानं तापायला साधारण २०० किलोज्यूल उष्णता लागते. दिवसभर ती ही उष्णता निवांत भरून घेते. सहाच्या सुमारास ऊन गेलं तेव्हा ती हवेपेक्षा २५ अंशांनी गरम होती असं धरलं, तर वारा पडलेला असताना तीन तासांनी, म्हणजे नऊ वाजता, ती अजून ९ अंशांनी गरम असते. हवाच ३७-३८ अंश असेल तर पाटी भरते ४६-४७. आजोबा कठड्याला रेलून का उभे राहतात त्याचं हे उत्तर. सिमेंटच्या भरीव बाकाचं गणित जवळपास हेच.

तीन सेंटिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या घ्या. त्याच क्षेत्रफळाच्या पट्ट्यांना एका अंशासाठी दगडाच्या सहाव्या भागाइतकीच उष्णता लागते. ऊन सरल्यावर तास-दीड तासात त्या जवळपास हवेच्या तापमानाला येतात. आणि दोन मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचा, म्हणजे जाळीदार भोकांच्या बाकाचा, साठा इतका किरकोळ असतो की अर्ध्या तासात तो रिता होतो. दुपारी ज्याच्यावर हात ठेवता येत नव्हता तो लोखंडी बाक साडेसातला हवेइतकाच गरम असतो. ज्या बागेचं फाटक दुपारी बंद असतं आणि संध्याकाळीच उघडतं, तिथे लोखंडी जाळीचे बाक लावले तर काही बिघडत नाही. बसस्टॉपवर, दवाखान्याच्या आवारात, शाळेच्या फाटकाशी मात्र ते लावू नयेत, कारण तिथे माणसाला भर दुपारीच बसावं लागतं.

एक बारकावा राहिलाच. ‘सावलीत लोखंड चालतं’ असं सरसकट म्हटलं जातं. पुण्यात किंवा नाशकात ते बऱ्याच अंशी खरं आहे. इथे हवाच ४४ अंश असते तेव्हा सावलीतलं लोखंडही ४४ अंशांवर असतं आणि टेकल्यावर त्वचेला सुमारे ४३ अंश जाणवतात. त्याच सावलीतलं, त्याच तापमानाचं लाकूड ३७ च्या आत जाणवतं. जिथे हवा त्वचेपेक्षा गरम होते तिथे सावलीतही लाकडाची सर धातूला येत नाही.

पाराचा दगड गार का लागतो

मग आपल्या पूर्वजांनी पिंपळाला आणि वडाला दगडी पार का बांधले? तिथे तर भर दुपारी लोक आडवे होतात.

याचं कारण तोच साठा, फक्त उलट्या बाजूनं काम करणारा. दाट झाडाखालच्या पारावर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. रात्री हवा २८-३० अंशांवर उतरते तेव्हा पाराचा जाडजूड दगड आणि त्याखालची माती गार होते. दिवसा हवा तापत जाते, पण एवढ्या मोठ्या वस्तुमानाला तिच्यामागून तापायला वेळ लागतो. हवा ४४ वर पोचते तेव्हा दगड तिच्या कित्येक अंश मागे असतो, बऱ्याचदा त्वचेच्या तापमानाच्या आसपास. त्यात दगडाची इफ्युसिव्हिटी जास्त, म्हणून अंगातली उष्णता तो पटकन ओढून घेतो आणि गार वाटतो. म्हणजे उन्हात जो गुण चटक्याला कारणीभूत होतो तोच सावलीत गारव्याला उपयोगी पडतो.

दिवस-रात्रीची ही उष्णतेची लाट दगडात फार खोल जात नाही. साधारण १५-१६ सेंटिमीटरवर तिचा जोर एक-तृतीयांशाच्या थोडा वर उरतो, अर्ध्या मीटरवर ती जवळजवळ संपते. किल्ल्यावरच्या मान मंदिरात राजा मानसिंह तोमरानं जमिनीखाली मजले बांधून घेतले. तिथे उतरल्यावर उन्हाळ्यात जो गारवा लागतो तो याच कारणानं. त्या दगडाला ऊन माहीत नाही.

यातून निघणारा नियम मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो: जाड दगड लावायचा असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी पूर्ण सावली हवी, आणि शक्य असेल तर तो पायांवर अधांतरी न ठेवता पारासारखा जमिनीला टेकलेला हवा. दोन तासांचंही ऊन त्यावर येत असेल तर पुन्हा विचार करा. अर्धवट सावलीत दगडाचा तोटा तेवढा मिळतो, फायदा मिळत नाही.

सावलीची अशी जागा हाताशी असेल तर मात्र ग्वाल्हेरसारखं भाग्य नाही. किल्ल्याची टेकडीच वालुकाश्माची. आसपास मिळणारा फिकट, किंचित हिरवट झाक असलेला दगड बाजारात ‘ग्वाल्हेर मिंट’ म्हणून विकला जातो. शेजारचा धोलपूरचा क्रीम आणि लाल दगड तर दिल्लीच्या राष्ट्रपती भवनालाही लागला आहे. फिकट रंगाची, पॉलिश न केलेली, छिन्नीनं खडबडीत केलेली पाटी घ्या. खडबडीत पृष्ठभागावर अंग सगळीकडून टेकत नाही, त्यामुळे चटकाही थोडा कमी बसतो, आणि पावसात घसरायलाही होत नाही. कडा मात्र गोल करून घ्याव्यात. घरी पाटी कापून घेणार असाल तर कारागिराला पाणी सोडूनच कापायला सांगा आणि मुलांना लांब ठेवा. वालुकाश्माच्या कोरड्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि दगडाचं काम करणाऱ्यांचं आयुष्य खाऊन टाकते.

वालुकाश्माला आणखी एक गुण आहे: तो थोडं पाणी पितो. इथल्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओला पृष्ठभाग झपाट्यानं थंड होतो. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं कापड सावलीत, वाऱ्यावर, सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. माठ आणि खसच्या (वाळ्याच्या) टट्ट्या याच जोरावर चालतात. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ती सगळी मघाच्या पाटीतून गेली असं मानलं तर पाटी ११-१२ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते, म्हणून दोन-तीन वेळा शिंपावं लागतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत संध्याकाळी गच्चीवर आणि अंगणात पाणी मारून मग अंथरुणं घालायची पद्धत होती, तिच्यामागचा हिशेब हाच. पाण्याची टंचाई असेल तेव्हा भाज्या धुतलेलं पाणी यासाठी वापरावं. जुलैत हवा दमट झाली की हा उपाय लागू पडत नाही, पण तोपर्यंत उन्हाचा जोरही ओसरलेला असतो.

जागा आणि झाड

साहित्यावर दोन तास वाद घालणारी मंडळी जागेवर दोन मिनिटंही देत नाहीत. बागेच्या नकाशात जिथे बरा दिसेल तिथे बाक ठोकला जातो.

ग्वाल्हेर २६ अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर, ८७ अंशांवर असतो, त्यामुळे तेव्हा भिंतीची सावली जेमतेम हातभर पडते. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे झुकतो. म्हणून बाक भिंतीच्या किंवा इमारतीच्या पूर्वेला ठेवला, तर एक-दीड वाजल्यापासून त्याच्यावर सावली येत जाते आणि संध्याकाळपर्यंत त्याला गार व्हायला पाच-सहा तास मिळतात. पश्चिमेला ठेवलेला तोच बाक सूर्य मावळेपर्यंत भाजत राहतो. एवढ्या एका बदलानं सिमेंटचा बाकही संध्याकाळी बसण्याजोगा होतो. उत्तरेची बाजू नेहमी सावलीची असते हा समज हिवाळ्यापुरता खरा आहे. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलाही सकाळ-संध्याकाळ ऊन लागतं.

झाडांत गुलमोहर फसवा आहे. फुलतो भर उन्हाळ्यात, दिसतो देखणा, पण ऐन एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर पानं विरळ असतात आणि खाली ठिपक्याठिपक्यांचं ऊन पडतं. कडुनिंब आणि पिंपळ यांची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊन जाते आणि एप्रिलपर्यंत नवी पालवी दाट होते. बकुळ बारमाही हिरवा असतो. जांभळाची सावली उत्तम, पण जून-जुलैत बाकाचा आणि कपड्यांचा रंग बदलून टाकते.

झाड नसेल तर लोक पत्र्याचं छप्पर टाकतात. पत्रा स्वतः ६० अंशांपुढे तापतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर उष्णतेचे किरण सोडतो. पत्राच टाकायचा असेल तर वरून पांढरा रंग द्या आणि खाली बांबूची चटई किंवा दुसरा थर हातभर अंतरानं बांधा, मधून हवा खेळू द्या. हिरव्या जाळीचं कापड त्यापेक्षा स्वस्त पडतं, दर दोन-तीन वर्षांनी बदलावं लागतं.

लाकूड घेताना

सगळा विचार करून, जागेची खात्री नसेल तर मी लाकडी पट्ट्यांचा बाक सुचवेन. अर्धवट सावली असो, भर दुपार असो, संध्याकाळ असो, तो कुठेच फार वाईट ठरत नाही. पाय ओतीव लोखंडाचे किंवा दगडाचे ठेवा, म्हणजे लाकूड जमिनीला लागणार नाही आणि वाळवी चढणार नाही. बसायच्या पट्ट्या अडीच-तीन सेंटिमीटर जाड, मध्ये बोटभर फट. त्या फटीतून पाणी निथळतं आणि हवाही खेळते.

आता बाकाच्या अगदी जवळ जाऊन बघा. पट्टी ज्या बोल्टनं पायाला कसलेली असते त्याची टोपी बहुधा वरच उघडी असते. नाण्याएवढी, चकाकती, लोखंडी. बाकीचा बाक ४१ अंशांसारखा वाटत असताना ती टोपी ५८ अंशांचा चटका देते, आणि आखूड चड्डीतल्या पोराची मांडी नेमकी तिथेच टेकते. सुताराला सांगून बोल्टसाठी खोलगट भोक पाडून घ्यायचं, टोपी आत बसवायची आणि वरून लाकडी गुल्ली ठोकायची. काम अर्ध्या दिवसाचं आहे. लोखंडी हातांवरही लाकडी पट्टी लावून घ्या. उठताना म्हातारी माणसं सगळा भार त्यावरच देतात.

गडद अक्रोडी पॉलिश करू नका. सागवान उन्हापावसात रुपेरी राखाडी होतो, ती त्याची नैसर्गिक दशा आहे आणि तो रंग गडद पॉलिशपेक्षा कमी तापतो. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, घासून तेल द्यावं. जवसाचं तेल वापरलंत तर तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशा बोळ्यानं आपोआप पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका.

लाकूडभुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या डब्ल्यूपीसीच्या पट्ट्यांना वाळवी लागत नाही, रंगवावंही लागत नाही. पण त्या लाकडापेक्षा घन असतात आणि बहुतेक गडद तपकिरी रंगात विकल्या जातात. त्यामुळे सागवानाहून जास्त चटका देतात. घ्यायच्याच तर मिळेल तो सगळ्यात फिकट रंग घ्या.

आणि जे बाक आधीच आहेत त्यांचं काय? स्मरणार्थ दिलेला सिमेंटचा बाक फोडायची गरज नाही. त्याच्या बैठकीवर आडवे ठोकळे ठेवून, त्यावर लाकडी पट्ट्या अशा बसवा की खाली दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी राहील. पट्ट्या सिमेंटवर सावली धरतात, पोकळीतून हवा जाते आणि अंगाला लागतं ते फक्त लाकूड. पाठीवरचं नाव तसंच राहतं. ज्यांना तेवढाही खर्च जमत नाही त्यांनी बसताना घडी घातलेली सतरंजी किंवा गोणपाट घ्यावं. कापडात अडकलेली हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते, पंधरा-वीस मिनिटं सहज बसता येतं.

खरेदीआधी एक चाचणी करून बघा. दुकानातून दोन-चार नमुन्यांचे तुकडे मागून आणा, शक्यतो प्रत्यक्ष बाकाला लागेल त्याच जाडीचे. ते गच्चीवर, पण गच्चीला टेकणार नाहीत असे विटांवर, सकाळपासून उन्हात ठेवा. दुपारी दोनला हाताची मागची बाजू आधी क्षणभर लावून बघा. सोसत असेल तरच पाच सेकंद ठेवा, नाहीतर लगेच काढा. मग तीच परीक्षा रात्री आठला करा आणि निर्णय त्या दुसऱ्या वेळेला जास्त वजन देऊन घ्या. लांबून तापमान मोजणारी बंदूक वापरणार असाल तर ती कारखान्यात वापरतात तशी हवी, ताप मोजायची नको, तिचा आकडा चाळिशीच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. चकाकत्या स्टीलवर ती बंदूक खोटं सांगते, बरंच कमी तापमान दाखवते, कारण स्टील उष्णतेचे किरण फारसे सोडतच नाही. स्टीलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा घट्ट चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि त्या तुकड्यावर नेम धरा.

ग्वाल्हेरची थंडीही विसरून चालणार नाही. जानेवारीत पहाटे इथे धुकं असतं आणि पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा सकाळच्या उन्हाला बसायला आलेल्यांना दगड आणि लोखंड बर्फासारखे झोंबतात, अंगातली ऊब तितक्याच झपाट्यानं ओढून घेतात. बागेत चार बाक असतील तर तीन लाकडी पट्ट्यांचे, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली येईल अशा पूर्वेच्या बाजूला ठेवा, आणि चौथा दगडाचा, कडुनिंबाच्या बुंध्याशी.